रक्त परत येते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, मी कवी माणूस. काळीज हा आमच्या धंद्यातला कच्चा माल. काळीज तुटते, काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात; यातले काहीच झाले नाही तर कविता जमत नाही. पण हे काळीज शरीरात नेमके कुठे असते असे विचारले, तर दहापैकी नऊ जण छातीच्या डाव्या बाजूला हात नेतील. आमच्या सोनाळ्याच्या बाजारातला खाटीक तसे करणार नाही. त्याच्याकडे कलेजी मागितली की तो मुकाट्याने यकृत तोलून देतो. शब्दाच्या हिशेबाने खाटकाचेच बरोबर आहे. काळीज हा शब्द संस्कृतातल्या ‘कालेय’पासून आला आणि कालेय म्हणजे यकृत. फारसीतला ‘जिगर’ म्हणजेही यकृतच. मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांतल्या कवींनी संगनमताने यकृताचे हृदय करून टाकले आहे. मीही त्यातलाच एक.

जुन्या वैद्यकाने मात्र या अवयवाचा मान राखला होता. चरकसंहितेत रक्त वाहून नेणाऱ्या स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा यांत सांगितले आहे. ग्रीक वैद्य गॅलेन हाही रक्त यकृतात तयार होते असे मानत असे, आणि तेच मत इब्न सिनाच्या ग्रंथातून आमच्या हकिमांपर्यंत पोहोचले. युनानीत दिल, दिमाग आणि जिगर हे राजे अवयव. रक्त यकृतात तयार होते हे पुढे चुकीचे ठरले (पोटातल्या बाळाच्या बाबतीत मात्र काही महिने ते खरे असते). पण रक्ताचे आणि यकृताचे नाते या लोकांनी बरोबर ओळखले होते. मोठ्या माणसाच्या यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त फिरते. त्यातले तीन चतुर्थांश आतड्यांकडून, अन्नरस घेऊन येते आणि उरलेले थेट हृदयाकडून. अशा अवयवाचे रक्त थोडा वेळ तोडले तर काय होईल? ते मरेल, असे कुणीही सांगेल. मीही तसेच समजत होतो.

२००७ च्या पावसाळ्यात माझ्या खालाचा मुलगा तेल्हाऱ्याहून परत येताना मोटारसायकलवरून पडला. हँडल पोटात घुसले. वरून पाहिले तर नुसते खरचटलेले. आत यकृत फाटले होते. अकोल्यातल्या एका दवाखान्यात रात्री ऑपरेशन झाले. आम्ही पाच-सहा जण बाहेरच्या बाकावर. पहाटे सर्जन बाहेर आले, हात पुसत म्हणाले, “रक्त थांबेना, म्हणून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याच चिमट्यात धरल्या. पंधरा मिनिटं धरायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा धरायचं. असं तीनदा केलं.”

मी विचारले, “डॉक्टरसाहेब, पंधरा मिनिटं रक्त नाही मिळालं, मग यकृताचं काय?”

“रक्त नसतं तेव्हा ते निपचित पडून राहतं. खरी भीती सोडल्यावर असते. रक्त परत येतं ना, तेव्हा.”

दुसऱ्या दिवशी त्याचा एसजीपीटी नावाचा आकडा, जो चाळिसाच्या आत असावा, तो सातशेच्या वर गेला. यकृताच्या पेशी फुटल्या की हा पदार्थ रक्तात सांडतो. आम्ही घाबरलो. खालाने घरून गुळवेलीचा काढा बाटलीत भरून आणला होता. एक भाचा मेडिकलमधून ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या कॅप्सूलचे पाकीट घेऊन आला. खाला मला म्हणाली, “बेटा, डॉक्टर को पूछ तो सही, दूँ क्या?” मी पाकीट आणि बाटली घेऊन गेलो. सर्जनने दोन्हींकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, “अजून त्याला तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही. आणि या गोष्टीचा इतिहास मोठा आहे. कधी वेळ मिळाला तर वाचा.”

वेळ मिळायला मला काही वर्षे लागली. मी बी.ए. झालेला, तोही मराठी घेऊन. तेव्हा आज जे सांगतो ते शिकवणे नव्हे. डॉक्टर मित्रांना विचारून, पुन्हा पुन्हा वाचून जेवढे उमगले तेवढे.

आधी आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. आमच्याकडच्या कापूस उत्पादकाला ‘आकस्मिक मर’ माहीत असते. पऱ्हाटी बोंडांनी लदलेली, पावसाने महिनाभर ओढ दिलेली, झाडे कशीबशी तग धरून. मग एका रात्री धो धो पाऊस येतो. शेतकरी खूश होऊन झोपतो आणि सकाळी पाहतो तर हिरवीगार झाडे मान टाकून उभी. कोरड्यात जी मेली नाहीत ती पाण्याने मेली. झाडातले कारण वेगळे आहे, तुंबलेल्या पाण्यात मुळांचा श्वास कोंडतो. यकृताच्या पेशीत घडते ते तसेच्या तसे नाही. पण शेतकऱ्याला बसणारा धक्का तोच: ज्याची वाट पाहिली त्यानेच घात केला.

यकृताचे रक्त मुद्दाम थांबवण्याची कल्पना जेम्स हॉगार्थ प्रिंगल या ग्लासगोच्या सर्जनची. १९०८ साली त्याने लिहिले की फाटलेल्या यकृतातून रक्त वाहत असेल तर यकृताच्या देठाशी असलेल्या रक्तवाहिन्या बोटांच्या चिमटीत धराव्यात, म्हणजे कुठून वाहते ते दिसते आणि टाका घालता येतो. त्याने ज्यांच्यावर हा उपाय केला ते रुग्ण वाचले नाहीत. तरीही त्याने तो छापला, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्या चिमटीने किती माणसे वाचवली याची मोजदाद नाही. माझा भाऊ त्यातलाच. अपयश छापायला जे धैर्य लागते त्याला आमच्या उर्दूत जिगरच म्हणतात.

बराच काळ सर्जन मंडळी या चिमटीला घाबरून होती. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे यकृत टिकणार नाही असा समज होता. माणसाचे धडधाकट यकृत त्याहून बराच वेळ तग धरते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू कळत गेले. तरी पंधरा मिनिटे धरून पाच मिनिटे सोडण्याची रीत रुळली, कारण सोडण्याच्या त्या पाच मिनिटांत यकृत सावरते.

मग आले प्रत्यारोपण. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी माणसात पहिल्यांदा यकृत बसवण्याचा प्रयत्न केला. तीन वर्षांचे ते मूल टेबलावरच रक्तस्रावाने गेले. पहिले खरे यश मिळायला १९६७ उजाडले. भारतात पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत झाले. रुग्ण दोन वर्षांच्याही आतले बाळ आणि यकृताचा तुकडा देणारा त्याचा बाप. प्रत्यारोपणात रक्त मिनिटांसाठी नव्हे, तासांसाठी तुटते. यकृत एका शरीरातून निघते, बर्फात बसते, प्रवास करते आणि दुसऱ्या शरीरात जोडल्यावर पुन्हा रक्त घेते. तिथे पंधरा-पाचचा हिशेब चालत नाही. ‘रक्त परत येते तेव्हा’ काय होते हे समजून घेणे आता भागच होते.

उत्तर आले भलत्याच बाजूने. १९३८ साली केंब्रिजमध्ये मान आणि केलिन या दोघांनी बैलाच्या रक्तातून आणि यकृतातून तांबे असलेली निळसर प्रथिने वेगळी काढली होती. ती शरीरात काय करतात ते कुणालाच ठाऊक नव्हते. तांब्याचा साठा असेल म्हणून सोडून दिले गेले. एकतीस वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड नावाचा विद्यार्थी आणि त्याचे गुरू अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवून दिले की ही साठवण नव्हे, पहारेकरी आहे. प्राणवायू वापरताना शरीरात ‘सुपरऑक्साइड’ नावाचा एक चळवळ्या कण तयार होतो. जे सापडेल त्याला चावतो, पेशीची कातडी गंजवतो. तो निकामी करण्याचे काम हे प्रथिन करते. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच आपल्याला गंजवत असतो, आणि शरीर जन्मभर हा गंज खरवडत असते. ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचा साधा अर्थ एवढाच: गंज रोखणारा.

याच मॅककॉर्डने १९८१ मध्ये ग्रेंजर आणि रुटिली यांच्याबरोबर मांजराच्या आतड्यावर प्रयोग केला. आतड्याचे रक्त कमी केले, मग पूर्ववत केले. ज्या मांजरांना आधीच ते गंज खरवडणारे प्रथिन दिले होते त्यांच्या आतड्याला इजा कमी झाली. म्हणजे इजेत त्या चावऱ्या कणांचा हात होता. त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण मी पऱ्हाटीच्याच भाषेत सांगतो. रक्त बंद असते तेव्हा पेशी आपले इंधन मोडून खाते आणि त्याचा कचरा साठत जातो, शेताच्या बांधावर वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग साठावा तसा. प्राणवायू नाही, म्हणून ढीग नुसता पडून. रक्त सोडले की प्राणवायू येतो आणि ढीग एकदम पेट घेतो. या पेटण्यात ज्या विकराचा हात असतो त्याला रोखणारे औषध आधीपासून बाजारात होते: अलोप्युरिनॉल, युरिक अॅसिड वाढून ज्यांचा अंगठा ठणकतो त्यांना देतात ती स्वस्त गोळी.

आता त्या काळातल्या संशोधकांचा आनंद कल्पनेत आणा. आजार म्हणजे गंज, औषध म्हणजे गंजरोधक, आणि गंजरोधकांची दुकानात कमी नाही. ‘क’ जीवनसत्त्व, ‘ई’ जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, हळदीतले कर्क्युमिन, लसूण, हिरवा चहा, युरोपातल्या एका काटेरी झाडाच्या बियांतले सिलिमारिन. जगभरच्या प्रयोगशाळांत उंदरांच्या यकृताला चिमटे लागले, आणि जे दिले त्याने उंदीर सुधारले. कागदांचे ढीग झाले. हळदीवर आपला हक्क सांगायला माशेलकरांच्या काळात सीएसआयआर अमेरिकेत लढली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले, ते जखम भरण्याच्या गुणाबद्दल. पण त्या लढाईनंतर हळद म्हणजे सर्व रोगांवर उतारा अशी आपल्याकडे हवा झाली, तिचाही या ढिगाला हातभार लागला असावा असे मला वाटते.

माणसात मात्र गाडी अडली. २००४ मध्ये जर्मनीत यकृताची शस्त्रक्रिया होणाऱ्यांना आधी शिरेतून ‘ई’ जीवनसत्त्व देऊन पाहिले. थोडे बरे दिसले, फार नाही. अलोप्युरिनॉल, निरनिराळी मिश्रणे, सगळ्यांची तीच गत. २००९ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी यकृत कापण्याच्या शस्त्रक्रियेतली अशी सारी औषधे एकत्र तपासली आणि नेहमीच्या वापरासाठी शिफारस करावी एवढा पुरावा कुणाच्याच बाजूने नाही असे म्हटले. कारणे नंतर उलगडत गेली. उंदीर तरुण आणि धडधाकट. रुग्ण साठीचा, मधुमेही, यकृतात चरबी साठलेला. ते गंज खरवडणारे प्रथिन शिरेतून दिले तर काही मिनिटांत लघवीवाटे निघून जाते. तोंडाने घेतलेली कॅप्सूल जिथे आग लागते त्या पेशीच्या आतल्या चुलीपर्यंत, हव्या त्या मिनिटाला, पोहोचतच नाही. आणि आग एकाच ठिकाणी लागत नाही. २०१४ मध्ये केंब्रिजच्या चमूने दाखवले की रक्त नसताना सक्सिनेट नावाचा आणखी एक पदार्थ साठतो, आणि पेटण्यातला मोठा वाटा त्याचा असतो. त्यानंतर यकृतातल्या पहारेकरी पेशी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि विझवायच्या नादात आणखी मोडतोड करतात.

तरी सगळे वाया गेले असे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्केर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८०च्या दशकात यकृत बर्फात ठेवण्यासाठी एक द्रावण तयार केले. त्यात ग्लुटाथायोन आणि अलोप्युरिनॉल दोन्ही आहेत. शिवाय पेशी फुगू न देणारे काही साखरेसारखे पदार्थ. त्याआधी काढलेले यकृत सहा-आठ तासांत बसवावे लागे, धावपळ करून, बहुधा रात्री. या द्रावणाने ती मुदत दुपटीवर गेली. विमानाने यकृत नेणे त्यामुळे सोपे झाले. श्रेय गंजरोधकांचे किती आणि थंडीचे व इतर पदार्थांचे किती, यावर अजून वाद आहे. ग्लुटाथायोन तर बाटलीत राहून स्वतःच गंजते.

दुसरे औषध एन-अॅसिटिलसिस्टीन. पॅरासिटामॉलच्या गोळ्या जास्त घेऊन यकृत जळते तेव्हा याने जीव वाचतात, हे १९७०च्या दशकातच एडिंबरोत सिद्ध झाले होते. यकृताला ग्लुटाथायोन बनवायला हे कच्चा माल पुरवते. प्रत्यारोपणात मात्र निकाल उलटसुलट. २०१० मध्ये पिट्सबर्गला १०० रुग्णांना देऊन काही फरक दिसला नाही. २०१३ मध्ये इटलीतल्या पादुआच्या डॉक्टरांनी ते रुग्णाला न देता दात्यालाच, यकृत काढण्याआधी दिले. १४० यकृतांच्या त्या चाचणीत वर्षभराने औषध दिलेली ९० टक्के यकृते टिकून होती, न दिलेली ७० टक्के. औषध तेच, वेळ वेगळी. आग लागल्यावर पाणी आणणे आणि ढिगावर आधीच पाणी शिंपडून ठेवणे, यात फरक असतोच. मात्र एका चाचणीवरून सगळ्या जगाने रीत बदलली नाही.

आता आपल्या मुलखातली गोष्ट. खालाने आणलेल्या त्या बाटलीतल्या गुळवेलीवर मुंबईच्या केईएम रुग्णालयात फार मोलाचे काम झाले आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर यांना मराठी वाचक ‘हिरवाई’ आणि ‘वृक्षगान’च्या लेखिका म्हणून ओळखतात, त्या केईएममध्ये औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. आणि ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ लिहिणारे डॉ. रवी बापट तिथे सर्जन. पित्ताची नळी तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांचे ऑपरेशन जोखमीचे असते. यकृत थकलेले, जंतूंशी लढायची ताकद गेलेली. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही नेहमीचे उपचार, एका गटाला शिवाय गुळवेल, वजनावर मोजून. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गुळवेल न दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, दिलेल्यांपैकी एकाच्याही नाही, आणि ऑपरेशननंतर वाचलेल्यांचे प्रमाण ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के. गुळवेल इथे गंजरोधक म्हणून नव्हे, पहारेकरी पेशींना जागे करणारी म्हणून दिली होती. रुग्ण थोडे होते हे खरे. पण घरगुती वेल घेऊन ती आजच्या वैद्यकाच्या काट्यावर ठेवण्याची ही रीत मला फार मोठी वाटते. डहाणूकर बाई २००२ मध्ये गेल्या. त्यांचे काम आणखी मोठ्या चाचण्यांपर्यंत जायला हवे होते.

त्याऐवजी झाले ते निराळेच. २०२० मध्ये करोना आला आणि गिलॉय, म्हणजे हीच गुळवेल, घराघरांत रोज उकळू लागली. प्रतिकारशक्तीही वाढते आणि अँटिऑक्सिडंटही आहे, मग वाईट काय? सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले, कावीळ झालेले, गुळवेल घेत असलेले. त्यातली एक बाई दगावली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नीट तपासली नाही, दुसरी सारखी दिसणारी वेल असू शकते. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. अनेकांत दिसले ते असे की शरीराची जागी झालेली फौज स्वतःच्याच यकृतावर चालून गेली होती. जो गुण केईएममध्ये थकलेल्या रुग्णाच्या कामी आला, तोच धडधाकट माणसात उलटला असे दिसते. मी हे बोलतो तेव्हा काही जण रागावतात, आपल्या वेलीची बदनामी करतो म्हणून. बदनामी वेलीची नाही. मोजून ३० रुग्णांना देणे आणि न मोजता सगळ्या गावाला पाजणे, या दोन गोष्टी आहेत.

तिकडे जगात या प्रश्नाला गेल्या बारा-पंधरा वर्षांत वेगळेच वळण लागले. ऑक्सफर्डमध्ये एक यंत्र बनले, ज्यात काढलेले यकृत शरीराच्या उबेत ठेवून त्यातून रक्त खेळवतात. २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ते रुग्णासाठी पहिल्यांदा वापरले. २०१८ साली २२० यकृतांच्या चाचणीचा निकाल आला: बर्फातल्या यकृतांपेक्षा यंत्रातल्यांना इजा निम्मी. नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. यकृत थंडच ठेवायचे, पण बसवण्याआधी दोन तास त्यातून प्राणवायू मिसळलेले थंड द्रावण फिरवायचे. थंडीत पेशी हळू चालते, साठलेला कचरा हळूहळू जाळते, आणि मग गरम रक्त आले तरी भडका उडत नाही. २०२१ मध्ये त्यांनी दाखवले की हृदय बंद पडल्यावर मिळालेल्या यकृतांत पित्तनळ्या आकसण्याचा पुढचा त्रास यामुळे १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर येतो. म्हणजे चाळीस वर्षे ज्याच्याविरुद्ध औषध शोधले तो प्राणवायूच औषध ठरला, फक्त थंड आणि बेताने दिलेला.

आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार समन्वय केंद्रे आहेत. रस्ते मोकळे करून अवयव नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पोलिसांची ती धावपळ कशासाठी, हे मला आता कळते. पेटीत बर्फाखाली जो ढीग मिनिटामिनिटाने वाढत असतो, तो लहान राहावा म्हणून.

माझा भाऊ बारा दिवसांनी घरी आला. आकडा तिसऱ्या दिवसापासून आपोआप उतरत गेला होता. खालाची बाटली दवाखान्याच्या खिडकीतच राहिली. कॅप्सूलचे पाकीट भाच्याने दुकानदाराला परत केले, पैसे काही मिळाले नाहीत.

मध्यंतरी त्या सर्जनची पुन्हा गाठ पडली. आता केस पांढरे झालेत. मी उत्साहाने यंत्राचे, थंड प्राणवायूचे, सक्सिनेटचे सांगू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, “छान वाचलंत. माझ्या टेबलाशी मात्र अजून सिस्टर घड्याळ घेऊनच उभी असते. पंधरा झाली म्हणाली, की मी सोडतो.”